‘स्टेलर’ हे मराठीत कसे सांगावे?

गेल्या रविवारी भाची मिरजेला आली, तेव्हा तिने कार्यालयातून मिळालेले वार्षिक मूल्यमापनाचे पत्र मला दाखवले. त्यात तिच्या कामाचे वर्णन ‘स्टेलर परफॉर्मन्स’ असे केले होते. आजीला सांगण्यासाठी तिने मोबाइलवर भाषांतर करून पाहिले, तर ‘तारकीय कामगिरी’ असे उत्तर आले. “मामा, यातून आजीला काय कळणार?” हा तिचा प्रश्न रास्त होता.

लॅटिनमध्ये ताऱ्याला ‘स्टेला’ म्हणतात. त्यावरून ‘ताऱ्यासंबंधीचे’ या अर्थाचे ‘स्टेलारिस’ तयार झाले आणि सतराव्या शतकात ते ‘स्टेलर’ होऊन इंग्रजीत रुळले. खगोलशास्त्रात हा मूळ अर्थ आजही शाबूत आहे. ‘स्टेलर इव्होल्यूशन’ म्हणजे ताऱ्यांची उत्क्रांती, आणि तेथे ‘तारकीय’ हा शब्द अगदी चपखल बसतो. स्तुतीचा अर्थ मात्र थेट आकाशातून आलेला नाही. नाटकातील प्रमुख नटाला ‘स्टार’ म्हणण्याची प्रथा इंग्रजीत पडली होती, आणि त्या ‘स्टार’च्या आधाराने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘स्टेलर’ला ‘अव्वल दर्जाचे’ हा अर्थ चिकटला. म्हणून प्रशंसेच्या वाक्यात ‘तारकीय’ लिहिणे मला चुकीचेच वाटते. ‘लेस दॅन स्टेलर’ असे कोणी लिहिले, तर काम यथातथाच झाले, हे सौम्य शब्दांत सांगितलेले असते.

या शब्दाचे कूळ आपल्या फार जवळचे आहे. इंग्रजी ‘स्टार’, ग्रीक ‘ॲस्टर’, फारसी ‘सितारा’ आणि ऋग्वेदातील ‘स्तृभिः’, म्हणजे ‘ताऱ्यांनी’, हे सारे एकाच प्राचीन धातूशी जोडले जातात. ग्रीकमधील ‘छोटा तारा’ या अर्थाच्या शब्दावरून ‘ॲस्टेरिस्क’ हे छपाईतील चिन्ह आले. विधानसभेतील ‘तारांकित प्रश्ना’ला हे नाव त्या चिन्हामुळेच मिळाले आहे.

संध्याकाळी आम्ही सतारमेकर गल्लीतून चाललो होतो. एका दुकानात वाळलेला भोपळा मांडीवर घेऊन कारागीर तो आतून खरवडत होता. ते पाहून भाचीने विचारले, “मग सतारही सिताऱ्यावरूनच आली का?” उच्चार जवळचा असला, तरी तसे नाही. सतार फारसी ‘सेहतार’वरून आली, आणि तेथे ‘सेह’ म्हणजे तीन व ‘तार’ म्हणजे तंतू. ताऱ्याशी तिचा संबंध नाही.

घरी आल्यावर मी आईला सांगितले, की नातीचे काम वर्षभर अव्वल ठरले असे साहेबांनी लिहून दिले आहे. आईने उठून तिच्या हातावर साखर ठेवली.