पिकाने वापरलेले पाणी मोजताना: तीन हंगामांचा माझा अनुभव

गव्हाच्या चार वाणांपैकी कोणते वाण कमी पाण्यात जास्त दाणा देते, हे शोधण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा ते वजनकाट्यावर संपणारे काम आहे असे मला वाटले होते. कापणी आणि मळणी करायची, दाणे तोलायचे आणि आलेल्या वजनाला पाण्याच्या मापाने भागायचे, एवढाच हिशेब माझ्या डोळ्यांसमोर होता. या भागाकारातला वरचा आकडा खरोखरच काट्यावर मिळतो. खालचा आकडा, म्हणजे पेरणीपासून कापणीपर्यंत त्या जमिनीतून किती मिलिमीटर पाणी खर्च झाले हा, मिळवण्यात माझे तीन हंगाम गेले. मला जे काही कळले, ते जवळपास सगळे या खालच्या आकड्याच्या मागे लागल्यामुळे कळले.

पिकाला पाण्याचा मीटर बसवता येत नाही, म्हणून त्याचा वापर जमाखर्चातून काढावा लागतो. पेरणीच्या वेळी जमिनीत असलेला ओलावा आणि हंगामात पडलेला पाऊस ही जमा. कापणीनंतर जमिनीत उरलेला ओलावा, मुळांच्या खाली झिरपून गेलेले पाणी आणि पृष्ठभागावरून वाहून गेलेले पाणी वजा करायचे. जे उरते ते पाणी पिकाच्या पानांतून आणि उघड्या मातीतून हवेत गेलेले असते. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे 10,000 लिटर, हे एकदा ध्यानात आले की या हिशेबातील प्रत्येक मिलिमीटरकडे वेगळ्याच आदराने पाहिले जाते.

तुलनेसाठी मी जो मापदंड धरला होता, तो 1984 सालचा, दक्षिण ऑस्ट्रेलियातील फ्रेंच आणि शुल्ट्झ यांचा. तेथील कोरडवाहू गव्हाच्या नोंदींवरून त्यांनी असे मांडले की, हंगामातील पाणी वापरातून साधारण 110 मिलिमीटर बाष्पीभवनासाठी वजा करावे आणि उरलेल्या प्रत्येक मिलिमीटरमागे हेक्टरी 20 किलो दाणा ही निरोगी पिकाची वरची मर्यादा समजावी. म्हणजे 300 मिलिमीटर पाणी वापरले गेले, तर 3,800 किलोपर्यंत पोहोचण्याची शक्यता आहे आणि प्रत्यक्षात त्याहून कमी मिळाले, तर कारण पाण्याच्या कमतरतेपेक्षा दुसरीकडे शोधायला हवे. ओलावा कमी पडला म्हणून पीक कमी आले, असे आपण फार सहज म्हणून टाकतो. या साध्या रेषेने ते म्हणण्याआधी थांबायला लावले, आणि म्हणूनच तिचे महत्त्व मला फार वाटते.

पहिला हंगाम मात्र माझ्या हातून निसटला. खोलीवरचा ओलावा न्यूट्रॉन प्रोबने मोजायचा होता. या उपकरणात अमेरिशियम आणि बेरिलियम यांचा छोटा किरणोत्सर्गी स्रोत असतो. त्यातून निघणारे वेगवान न्यूट्रॉन मातीतील पाण्याच्या हायड्रोजनवर आदळून मंदावतात आणि मंदावलेल्या न्यूट्रॉनांच्या संख्येवरून ओलावा ताडता येतो. किरणोत्सर्गी साधन असल्यामुळे आधी प्रशिक्षण, परवानगी आणि अंगावर पडलेल्या किरणोत्साराची मात्रा नोंदवणारा बिल्ला हे सर्व लागते. ती प्रक्रिया मी उशिरा सुरू केली. पेरणी ठरल्या दिवशी झाली, पण प्रोब ज्यांतून खाली सोडायचा त्या नळ्या जमिनीत बसून पहिले वाचन व्हायला त्यानंतर जवळपास दोन आठवडे लागले, आणि त्या दोन आठवड्यांत एक चांगला पाऊस पडून गेला. सुरुवातीचा ओलावाच नोंदलेला नसल्यामुळे त्या वर्षीच्या पाणी वापराच्या कोणत्याही आकड्याला आधार उरला नाही. पहिला हंगाम फक्त उत्पादनाच्या तुलनेसाठी वापरायचा आणि कार्यक्षमतेच्या, म्हणजे पाण्याच्या मिलिमीटरमागे किती किलो दाणा याच्या, तक्त्यातून तो पूर्ण काढून टाकायचा, असा निर्णय माझ्या मार्गदर्शक बाईंनी दिला. मला तो तेव्हा कठोर वाटला होता. आज मीही तोच देईन.

दुसऱ्या हंगामाआधी आम्ही उपकरणाचे अंशांकन, म्हणजे त्याच्या वाचनावरून ओलावा काढण्याचे समीकरण ठरवण्याचे काम, आमच्याच मातीवर नव्याने केले. उपकरणाबरोबर आलेले समीकरण सर्वसाधारण मातीसाठी असते, आणि आमची जमीन भारी, ओली झाली की फुगणारी आणि वाळली की भेगाळणारी होती. नळ्यांच्या शेजारी गिरमिटाने दीड मीटरपर्यंत मातीचे थर काढायचे, ते लगेच बंद डब्यांत भरायचे, ओले वजन घ्यायचे, 105 अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत वाळवायचे, आणि वजनावरून निघालेल्या ओलाव्याला मातीच्या घनतेने गुणून आकारमानाचा ओलावा काढायचा, असे ते काम आहे. सांगताना ते दोन वाक्यांत संपते, करताना पंधरवडा जातो. हेच काम जमीन वाफशावर असताना एकदा आणि पूर्ण सुकलेली असताना एकदा असे दोनदा करावे लागते, कारण ओल्या टोकाला एकही बिंदू नसेल, तर रेषा कुठेही झुकू शकते.

एवढा खटाटोप कशासाठी, असे मला मदतनीसांनी विचारले, तेव्हा मी त्यांच्यासमोर एक हिशेब मांडला. आकारमानाच्या ओलाव्यात केवळ एक टक्क्याची चूक झाली, तर दीड मीटर खोलीत ती 15 मिलिमीटर होते. मिलिमीटरमागे 20 किलो धरले, तर ती हेक्टरी 300 किलो दाण्याएवढी चूक झाली. दोन वाणांमधला जो फरक आपण शोधत असतो, तो बहुधा यापेक्षा लहानच असतो. मोजमापाची चूक फरकापेक्षा मोठी असेल, तर वाणाबद्दल काढलेला निष्कर्ष वास्तविक मोजमापाबद्दलचाच असतो. वरच्या 15 ते 20 सेंटिमीटरमध्ये न्यूट्रॉन हवेत निसटत असल्याने तेथील वाचनावर विसंबता येत नाही, म्हणून तो थर आम्ही प्रत्येक वेळी हातानेच काढून वाळवला.

यानंतरचा प्रश्न असा होता की, खर्च झालेल्या पाण्यातील किती पाणी पिकातून गेले आणि किती मातीतून वाया गेले. हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेतील ब्रिग्ज आणि शांत्झ यांनी कोलोरॅडोमधील ॲक्रन येथे कुंड्यांमध्ये पिके वाढवून 1913 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. कुंड्यांची तोंडे त्यांनी बंद केली होती, त्यामुळे मातीतून बाष्पीभवन होत नसे आणि कुंडीच्या वजनातील घट म्हणजे जवळजवळ केवळ पर्णोत्सर्जन, म्हणजे पानांतून हवेत गेलेले पाणी, असे धरता येत असे. तेवढाच कोरडा भार, म्हणजे पिकाचे वाळलेले एकूण वजन, तयार करायला ज्वारी आणि भरडधान्यांना गव्हापेक्षा बरेच कमी पाणी लागते, हे त्यांच्या नोंदींतून स्पष्ट दिसले होते. शेतात तोंड बंद करता येत नाही. म्हणून आम्ही दहा सेंटिमीटर व्यासाच्या नळीचे तुकडे ओळींच्या मधल्या जागेत न विस्कटलेल्या मातीसह भरले, त्यांचे तळ बंद केले आणि सकाळ-संध्याकाळ ते उचलून तोलले. या आकाराच्या तुकड्यात एक मिलिमीटर बाष्पीभवन म्हणजे साधारण 7.9 ग्रॅम घट. पावसानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत पीक लहान असताना ही घट इतकी असे की, मला प्रथम काट्यावरच शंका आली. पानांनी जमीन झाकली, की तीच घट झपाट्याने खाली येई. लवकर जमीन झाकणारे वाण पाण्याची बचत कशी करते, हे मी पुस्तकात वाचले होते, पण ते माझ्या मनात पक्के झाले ते या नळ्या उचलताना.

दुसऱ्या हंगामातच नत्राने मला चकवले. एका भागात आम्ही पेरणीच्या वेळीच नत्राची पूर्ण मात्रा दिली होती. पीक असे जोमदार आले, फुटवे इतके भरघोस फुटले की, शेत पाहायला आलेला प्रत्येक जण त्याच भागासमोर थांबे. ओंबी बाहेर पडण्याच्या सुमारास पाऊस थांबला, आणि मी प्रोबची वाचने पाहिली, तेव्हा त्या भागातील एक मीटरपर्यंतचा ओलावा जवळजवळ संपलेला होता. पुढे ओंब्या पांढुरक्या पडल्या आणि दाणे आक्रसले. काड भरपूर होते, पण कापणी निर्देशांक, म्हणजे एकूण भारातील दाण्याचा वाटा, सर्वांत कमी त्याच भागात निघाला. त्या भागाने पाणी कमी वापरले नव्हते. त्याने ते चुकीच्या वेळी वापरले होते.

जॉन पॅसियुरा यांनी 1977 साली मांडलेले साधे सूत्र मला या प्रसंगानंतर खऱ्या अर्थाने समजले. दाण्याचे उत्पादन म्हणजे पिकातून गेलेले पाणी, गुणिले त्या पाण्यामागे तयार झालेला भार, गुणिले कापणी निर्देशांक. यांतील एका अंगाला वाढवताना दुसरे खाली जाऊ शकते, आणि आमच्या नत्राच्या भागात नेमके तेच झाले होते. वेळेचे महत्त्व किती असू शकते, हे किर्केगार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 साली ऑस्ट्रेलियातूनच दाखवून दिले: फुलोऱ्यानंतर खालच्या थरांतून मिळालेल्या जादा पाण्यामागे त्यांना प्रत्येक मिलिमीटरला हेक्टरी 59 किलो दाणा मिळाला होता, म्हणजे 20 किलोच्या जुन्या मर्यादेच्या जवळपास तिप्पट. फुलोऱ्यानंतरचे पाणी काड वाढवण्यात जात नाही, ते थेट दाणे भरण्याच्या कामी येते.

वाणांची तुलना हा मूळ विषय होता, आणि त्यासाठी पानांचे नमुने कार्बनच्या समस्थानिकांसाठी तपासले. पाने कार्बन डायऑक्साइड पकडताना जड कार्बन-13 पेक्षा हलक्या कार्बन-12 ला पसंती देतात. पर्णरंध्रे आवळलेली असतील, तर आतला साठा तुटपुंजा होतो आणि ही निवड करायला वाव कमी राहतो. त्यामुळे ज्या पानात निवड कमी दिसते, त्याने पाणी काटकसरीने वापरलेले असते. याच कसोटीच्या आधारे निवडलेले ‘ड्रायस्डेल’ हे गव्हाचे वाण ऑस्ट्रेलियात 2002 साली प्रसारित झाले. आमच्या चारांपैकी एक वाण या कसोटीवर ठळकपणे पुढे होते, आणि मी मनातल्या मनात त्याला विजेते ठरवून टाकले होते. पण तेच वाण सुरुवातीला सावकाश वाढत होते, जमीन उशिरा झाकत होते, आणि पानांनी वाचवलेले पाणी उघड्या मातीतून उडून जात होते. पेरणीनंतर वरचेवर हलका पाऊस झाला, तेव्हा ते मागे पडले. जमिनीत साठलेल्या ओलीवरच पीक काढायचे होते, तेव्हा ते पुढे आले. वाणाची कार्यक्षमता पाऊस कसा पडतो याच्याशिवाय सांगता येत नाही, हे मी अहवालात शक्य तितक्या ठळकपणे लिहिले आहे.

तिसऱ्या हंगामात आम्ही प्रयोग पेरणीच्या आधीपासून सुरू केला. जमीन मोकळी असतानाच्या काळात एका भागातील तण वेळेवर काढले आणि आधीच्या पिकाचे काड जागेवरच आच्छादन म्हणून राखले; दुसऱ्या भागात तण वाढू दिले. पेरणीच्या दिवशी, या वेळी नळ्या आधीच बसलेल्या असल्याने, मला दोन्हींतला फरक मीटरभर खोलीपर्यंत दिसला. चारही वाणांमधला फरक एकत्र केला, तरी तो या एका कामाने झालेल्या फरकापुढे लहान होता. तक्ते तयार करताना मात्र एक विचित्र गोष्ट पुढे आली. तणाच्या भागात ओल कमी होती, म्हणून पिकाने पाणीही कमी वापरले, आणि एका वाणाचे मिलिमीटरमागचे किलो तिथे थोडे जास्तच भरले. उत्पादन मात्र खूपच कमी होते. फक्त भागाकार छापला असता, तर वाचणाऱ्याला तण वाढू देणे फायद्याचे वाटले असते. म्हणून आता मी कोणत्याही तक्त्यात कार्यक्षमतेच्या शेजारी उत्पादन, एकूण पाणी वापर आणि पेरणीचा ओलावा हे तिन्ही आकडे दिल्याशिवाय पुढे जात नाही.

शेवटचे वाचन कापणीनंतर दोन दिवसांनी घेतले. काड राखलेल्या भागात, सावकाश वाढणाऱ्या त्या वाणाच्या ओळींखाली, सव्वा मीटरच्या खाली अजून ओल शिल्लक होती. मुळे तिथपर्यंत पोहोचली नव्हती, की पोहोचायला उशीर झाला होता, हे प्रोब सांगू शकत नाही. पुढच्या हंगामात त्या ओळींमध्ये मुळे खोदून पाहायची आहेत, आणि त्या कामासाठीच्या नळ्या आम्ही पेरणीच्या महिनाभर आधीच बसवून ठेवणार आहोत.