गाडीचे बारसे

टाटा सुमो १९९४ साली रस्त्यावर आली तेव्हा तिचा चौकोनी, धिप्पाड बांधा पाहून बहुतेकांना जपानी पहिलवान आठवले, आणि वऱ्हाडात तिच्या मागच्या समोरासमोरच्या बाकांवर गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्यांपैकी पुष्कळांचा आजही तोच समज आहे. वास्तविक ते नाव सुमंत मूळगावकर यांच्या नावा-आडनावाच्या आद्याक्षरांचे आहे. टेल्कोची, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सची, धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली आणि पुण्याजवळचा कारखाना त्यांच्याच देखरेखीखाली उभा राहिला. ते १९८९ साली निवर्तले, त्यामुळे आपल्या नावाची गाडी पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. गंमत अशी की देवनागरीत हा हिशेब जुळतच नाही. सुमंतमधला ‘सु’ आणि मूळगावकरांमधला ‘मू’ घेतला तर गाडी ‘सुमू’ व्हायला हवी होती, आणि धाकट्या आत्याला हाक मारावी तशा या नावाची गाडी घाटात कोणी दरडावून हाकली असती असे वाटत नाही. आडनावाच्या रोमन स्पेलिंगमधल्या ‘Mo’ने कंपनीची लाज राखली.

माणसाचे नाव यंत्राला देण्याची हौस अर्थात जुनी आहे. डाइमलरच्या गाड्या विकणाऱ्या एमिल येलिनेक यांच्या लेकीचे नाव मर्सेडिस होते, हे सर्वश्रुत आहे. आपल्याकडे कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने फियाटच्या परवान्यावर बनवलेल्या गाडीला आधी ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ च्या सुमारास ‘पद्मिनी’ म्हटले. राष्ट्राध्यक्षाची चितोडची राणी झाली, पण मुंबईकराने दोघांचीही दखल घेतली नाही. पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी २०२३ साली रस्त्यावरून कायमची हटेपर्यंत त्याच्या लेखी ती ‘फियाट’च राहिली. तिच्या आधीच्या गोलमटोल, पुढे नाक काढलेल्या फियाटला तर याच शहराने ‘डुक्कर फियाट’ म्हटले होते, आणि ते कोणत्याही जाहिरात कंपनीच्या कल्पनेपेक्षा नेमके होते.

कंपन्यांचे स्वतःचे लळेही असतात. टोयोटाला मुकुटाचा सोस आहे: क्राऊन, कोरोना, कोरोला आणि जपानी ‘कान्मुरी’वरून आलेली कॅमरी, सगळ्यांचा अर्थ त्याच्याच आसपास. महिंद्रांना शेवटी ‘ओ’ लागतो. बोलेरो, स्कॉर्पिओ, झायलो इथवर ते सरळ जमले. पुढे एक्सयूव्ही ५०० आली तेव्हा तो आकडा ‘फाइव्ह डबल ओ’ असा वाचावा, असा आग्रह धरून त्यांनी शून्यातूनही ‘ओ’ काढला. या चिकाटीचे मला कौतुक वाटते, गाडीचे नाव आकड्यांत ठेवण्याचे मात्र मुळीच नाही.

कधी नाव अचानक अंगाशी येते. टाटांनी एका छोट्या गाडीचे नाव ‘झिका’ ठरवले आणि ती बाजारात येण्याच्या तोंडावर, २०१६ च्या आरंभी, त्याच उच्चाराच्या विषाणूने जगभर भीती पसरवली. घाईघाईने दुसरे बारसे करून तिला पोर्तुगीज वळणाचे ‘टियागो’ हे नाव द्यावे लागले. याच कंपनीच्या २००५ साली आलेल्या ‘एस’ या मालवाहू गाडीचे दुसरे बारसे मात्र लोकांनीच केले. भाजी मंडईपासून घर बदलणाऱ्या भाडेकरूपर्यंत सर्वांनी तिला ‘छोटा हत्ती’ ठरवले, आणि आता दारात दुसऱ्याच कंपनीचा तेवढ्याच आकाराचा टेम्पो उभा राहिला तरी सामान चढवणारे छोटा हत्ती आल्याचेच सांगतात.