एका फाइलला एकच विभाग : सीव्हीटीएसचं ऑनलाइन साहित्य लावतानाचा माझा अनुभव

मेडिकल कॉलेजच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या कुणाकडे सुपरस्पेशालिटीचं ऑनलाइन साहित्य शाखेनुसार लावायचं काम आलं, तर लिंका गोळा करायला बसू नका. आधी पोर्टलवरचा ‘विभाग’ हा रकाना कोणी बनवलाय आणि तो बदलायचा अधिकार कोणाकडे आहे, हे विचारून घ्या. बाकी सगळं होतं. तिथेच गाडं अडतं.

आमच्याकडे हृदय आणि छातीच्या शस्त्रक्रियांचा, म्हणजे सीव्हीटीएसचा विभाग आहे. एमएस करून आलेली मुलं तीन वर्षं एमसीएच ही सुपरस्पेशालिटीची पदवी करतात. उद्याच्या लिस्टवर बेंटाल (महाधमनीचं मूळ आणि झडप बदलण्याची शस्त्रक्रिया) लागली की त्यांना आदल्या रात्री बेंटालचा एक नीट व्हिडिओ, एखादा रिव्ह्यू आणि चालू गाइडलाइन हवी असते. तीही मोबाइलवर, राउंड आणि जेवण यांच्या मधल्या वेळात. साहित्याला तोटा नाही. या सर्जनांची सीटीएसनेट ही वेबसाइट आहे, युरोपियन संघटनेचं एमएमसीटीएस शस्त्रक्रिया पायरीपायरीने दाखवतं, आयएसीटीएस या आपल्या भारतीय संघटनेचं जर्नल आहे, मोफत लेखांचं पबमेड सेंट्रल आहे. सरकारी संस्थांना 2025 पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या सरकारी योजनेतून बरीच जर्नलं मिळतात. हे सगळं एका जागी, शाखेनुसार लावा, असं एचओडी सरांनी सांगितलं. गोळा करणं भराभर झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

शाखा ठरवताना मात्र मजा आली. ॲडल्ट कार्डिॲक (मोठ्यांचं हृदय), थोरॅसिक (छाती), कंजेनिटल (जन्मजात दोष) हे तीन ढोबळ भाग सगळीकडे असतात. पण चाळिशीच्या बाईंचा एएसडी, म्हणजे हृदयाच्या पडद्यातलं जन्मजात छिद्र, कुठे ठेवायचा? लहानपणी टेट्रॅलॉजी या जन्मजात हृदयदोषाचं ऑपरेशन झालेला मुलगा पंचविशीत पल्मनरी व्हॉल्व्हसाठी परत येतो, तो कुठे? दोन लेक्चरर माझ्या टेबलापाशी यावरून तावातावाने भांडले. जन्मजात दोष म्हणजे फक्त लहान मुलं नव्हेत, हे मला त्या दिवशी पक्कं कळलं. महाधमनी फाटते तेव्हा ती हृदयाची केस की रक्तवाहिन्यांची? एक्मो, म्हणजे शरीराबाहेर रक्तात ऑक्सिजन मिसळणारं यंत्र, आयसीयूवाल्यांचं की हार्ट-लंग मशीन चालवणाऱ्या पर्फ्युजनिस्टचं? थोरॅसिकचा भाग आम्ही परदेशी साइटवरून तसाच उचलला नाही, हे बरंच केलं. त्यांच्याकडे फुप्फुसाचा कर्करोग आणि रोबोट यांचीच गर्दी. आमच्या ओटीत एम्पायमाचं (फुप्फुसाभोवती साठलेल्या पुवाचं) डिकॉर्टिकेशन, टीबीनंतरच्या पोकळीतला ॲस्परजिलोमा (बुरशीचा गोळा) आणि हायडॅटिड सिस्ट (कृमींची गाठ) जास्त येतात. म्हणून थोरॅसिकखाली ‘संसर्ग’ हा वेगळा गट केला. तसंच ॲडल्ट कार्डिॲकमध्ये ऱ्हुमॅटिक मायट्रल (ऱ्हुमॅटिक तापाने बिघडलेली मायट्रल झडप) वेगळं काढलं. रेसिडेंट आजही सगळ्यात जास्त तेच उघडतात.

आता त्या रकान्याबद्दल.

पोर्टल कॉलेजच्या आयटी सेलकडे. साहित्य चढवताना ‘विभाग’ निवडावा लागतो, आणि एकच. विभागांची ती यादी आस्थापनेच्या मंजूर पदांवरून घेतलेली. त्यात सीव्हीटीएस हा एक अखंड विभाग, त्याच्या पोटात काही नाही. यावर कडी म्हणजे लॉगिन केलं की ज्याला त्याला फक्त स्वतःच्या विभागाचंच साहित्य दिसतं. अन्ननलिकेच्या शस्त्रक्रियेचे व्हिडिओ सर्जरीने आधीच स्वतःच्या नावावर चढवले होते, म्हणून ते आमच्या मुलांना दिसेनात. एम्पायमाचं सगळं क्षयरोग व उररोग विभागात. पर्फ्युजनिस्ट तर कुठल्याच विभागात नाहीत, कारण त्यांची पदं तंत्रज्ञांच्या यादीत. हार्ट-लंग मशीन जो चालवतो, त्यालाच डेल निडो कार्डिओप्लेजियावरचा (शस्त्रक्रियेत हृदय थांबवणाऱ्या द्रावणावरचा) लेख उघडत नाही!

मी सेलमध्ये गेले. तिथल्या साहेबांनी मॉनिटरवरची नजर न हटवता सांगितलं, “मॅडम, एका फाइलला एकच विभाग. दोन दिले तर इन्स्पेक्शनच्या रिपोर्टमध्ये डबल मोजणी होईल.”

मी म्हटलं, पुस्तक एकाच कप्प्यात बसतं कारण त्याची प्रत एकच असते. नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या वर्गीकरणात हृदय डब्ल्यूजीमध्ये, फुप्फुस डब्ल्यूएफमध्ये आणि अन्ननलिका पचनसंस्थेबरोबर डब्ल्यूआयमध्ये जाते. छातीचा सर्जन तिन्ही कपाटांपाशी फिरतो, त्याला इलाज नाही. पण लिंक ही काही प्रत नाही. त्याच लायब्ररीच्या मेश या विषयसूचीत एकाच लेखाला कितीतरी विषयशीर्षकं लागतात आणि पबमेडवर तो लेख त्यातल्या कुठल्याही शीर्षकाखाली सापडतो. मग आपल्याच पोर्टलला काय अडचण आहे?

“प्रस्ताव द्या.”

दिला, एका फाइलला अनेक विभाग आणि सीव्हीटीएसच्या पोटात उपविभाग असा. टिपणी लिहिली, एचओडींची सही घेतली, आवक क्रमांक घेतला. फाइल ग्रंथालय समितीकडे, तिथून अधिष्ठाता कार्यालयात, तिथून परत सेलकडे. किती काळ फिरली ते आठवून रक्त आटवायचं नाही. ती आली ती शेऱ्यासह: ‘प्रस्तावित उपविभाग मंजूर पदांशी जुळत नाहीत.’ बरोबरच आहे. कंजेनिटल सर्जरीचं पद आमच्याकडे मंजूर नाही, तेव्हा कंजेनिटल सर्जरीचा व्हिडिओही नाही! मी विचारलं, पोस्ट निर्माण होईपर्यंत मुलांनी ग्लेन शंट (जन्मजात दोषावरची एक शस्त्रक्रिया) बघायचाच नाही का? उत्तर आलं, “तसं नाही मॅडम, पण नियमात बसवायला हवं.” नियम कोणता, ते कुणालाच दाखवता येईना.

मधल्या काळात रेसिडेंटनी आपला मार्ग काढला. टेलिग्रामवर ग्रुप केला आणि सापडेल ते त्यात टाकायला लागले. जुन्या गाइडलाइन, अर्धवट व्हिडिओ, कुणाच्या तरी लेक्चरचे मोबाइलवर काढलेले फोटो, सगळं एकत्र. तारीख नाही, मूळ नाही. तो ग्रुप बघितला आणि माझा संताप दुप्पट झाला.

शेवटी गाठ सुटली ती भलत्याच ठिकाणी. इन्स्पेक्शनचे तक्ते भरणाऱ्या एका वरिष्ठ लिपिक बाईंना मी जेवणाच्या सुट्टीत सहज विचारलं, की ही डबल मोजणी नेमकी होते कुठे? त्या म्हणाल्या, “अहो, मोजणी दाखल क्रमांकावर होते. विभाग आम्ही बघतच नाही.” दाखल क्रमांक तर मीच देते! एका साहित्याला एक क्रमांक, मग ते पाच ठिकाणी दिसो. त्यांच्याकडून हे दोन ओळींत लेखी घेतलं, सेलच्या टेबलावर ठेवलं आणि उभी राहिले. बसले नाही. साहेबांनी व्हेंडरला फोन केला, आणि कळलं की एकाहून जास्त विभाग निवडायची सोय सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून होती, फक्त बंद ठेवलेली. चालू करायला चहा यायच्या आत झालं. मला आनंद झाला की राग आला, ते अजून ठरत नाही. उपविभागांचा प्रस्ताव मी परत दिलाच नाही. कीवर्डच्या रकान्यात आमच्या शाखा घातल्या, त्याला कुणाची मंजुरी लागत नाही.

म्हणून सांगते, ‘सिस्टिममध्ये नाही’ असं कुणी म्हणालं तर ते लेखी मागा. आणि ज्या अहवालाची भीती घातली जाते, तो अहवाल प्रत्यक्ष भरणाऱ्या माणसाला जाऊन भेटा.

आता राहिलेलं, आठवेल तसं. हॉस्पिटलच्या वायफायवर व्हिडिओ साइट बंद असतात. लिंका ग्रंथालयातल्या संगणकावर तपासून उपयोग नाही, ओटीशेजारच्या ड्यूटी रूममध्ये जाऊन तपासा. यूट्यूबवरच्या शस्त्रक्रियांच्या बऱ्याच व्हिडिओंना वयाची अट लागते, लॉगिनशिवाय ते उघडत नाहीत, त्यामुळे त्याच शस्त्रक्रियेचा व्हिडिओ सीटीएसनेटवर असेल तर ती लिंक द्या.

आपल्याच ओटीतलं रेकॉर्डिंग चढवणार असाल तर रुग्णाची लेखी संमती हवीच. शिवाय इकोच्या क्लिपच्या कोपऱ्यात नाव आणि नोंदणी क्रमांक असतो, तो झाका. आवाजही ऐका. एका क्लिपमध्ये भूलतज्ज्ञ रुग्णाचं नाव घेऊन बोलत होते, ती मी थांबवली.

प्रत्येक गाइडलाइनला वर्ष लावा, आणि जुनी काढून न टाकता ‘जुनी’ असा शिक्का मारून ठेवा, परीक्षेत फरक विचारतात. झडपांच्या विकारांवरची युरोपियन गाइडलाइन 2021 ची होती, मग 2025 ची आली. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या टीएनएमची, म्हणजे कर्करोगाचा टप्पा ठरवण्याच्या पद्धतीची, नववी आवृत्ती आली आणि एन-टू या लसिकाग्रंथींच्या गटाचे ए आणि बी असे दोन भाग झाले. आठव्या आवृत्तीची लेक्चरं तशीच पडून होती. बायपासबद्दलची 2021 ची अमेरिकन गाइडलाइन तर नुसती चढवूच नका. हृदयाच्या तीन धमन्यांच्या स्थिर आजारात हृदयाचं पंपिंग चांगलं असेल, तर तिने बायपासचं स्थान खाली आणलं, आणि एसटीएस व एएटीएस या सर्जनांच्या संघटनांनी तिला मान्यता दिली नाही. हे शेजारी लिहिलं नाही, तर पहिल्या वर्षाच्या मुलाला अर्धीच गोष्ट कळते. ही सूचना आमच्या सरांची. ‘टीप’ हा रकाना त्यांच्याच आग्रहाने आला, आणि तो मात्र सेलने विनातक्रार करून दिला.