शटर आयलंड दुसऱ्यांदा बघताना

काल रात्री परत शटर आयलंड लावला, म्हटलं शेवट माहितीये, अर्ध्यात झोप लागेल. कसली झोप! २०१० चा स्कॉर्सेसीचा पिक्चर, डेनिस लेहेनच्या २००३ च्या कादंबरीवरचा. १९५४ साल, बॉस्टनजवळचं बेट, मनोरुग्ण गुन्हेगारांचं हॉस्पिटल आणि गायब झालेल्या बाईला शोधायला आलेला मार्शल, म्हणजे अमेरिकेचा केंद्रीय पोलीस अधिकारी, टेडी. (पुढे स्पॉयलर आहेत, नंतर बोंबलू नका.)

पहिल्यांदा आपण सगळं टेडीच्या डोळ्यांनी बघतो ना, त्यामुळे त्याचा पार्टनर चक काय करतोय तिकडे लक्षच जात नाही. गेटवर पिस्तुलं जमा करायची असतात, टेडी पटकन काढून देतो आणि हा कमरेशी नुसती झटापट करतोय, होल्स्टर काही सुटत नाही. अरे, मार्शल ना तू? हा मार्शल नाहीच, टेडीचा डॉक्टर आहे आणि टेडी स्वतःच तिथला पेशंट, हे तिथेच सांगून टाकलंय आणि आपण ढिम्म.

मग तो पाण्याचा सीन. पेशंट बाई पाणी पिते आणि एका शॉटमध्ये तिच्या हातात ग्लासच नाही, नुसता रिकामा हात तोंडाशी, मी तीनदा मागे घेऊन पाहिलं, बायको म्हणे एडिटिंगची चूक असेल. मला नाही पटत, टेडीला पाणी का नकोसं झालंय (त्याच्या बायकोने मुलांना तळ्यात बुडवलेलं) ते कळल्यावर तर नाहीच.

आणि राक्षस म्हणून जगायचं की चांगला माणूस म्हणून मरायचं, हा शेवटचा प्रश्न कादंबरीत नाहीच! तिथे टेडी खरंच परत भ्रमात गेलाय असं वाटतं. पिक्चरमध्ये तो एवढं बोलून शांतपणे उठतो, मेंदूच्या ऑपरेशनला न्यायला आलेल्यांकडे चालायला लागतो, आणि आपण रात्री दीड वाजता छताकडे बघत पडलेलो.