उसातल्या दगडांच्या राशी

मॉरिशसला ग्रुप घेऊन जायची ही माझी एकविसावी खेप. टूर मॅनेजरचं काम म्हणजे दर थांब्यावर डोकी मोजणं, कांदा-लसूण न खाणाऱ्यांची यादी हॉटेलच्या स्वयंपाकघरात रोज नव्यानं सांगणं आणि वेळापत्रक पाळणं. त्या वेळापत्रकात जहाजांच्या प्रतिकृती विकणाऱ्या दुकानाला पाऊण तास आणि ज्वालामुखीच्या विवराला २० मिनिटं. दर खेपेला माझा जीव जळतो.

विवर मी सकाळी पहिलंच घेते. नंतर ढग उतरले तर काही दिसत नाही. क्यूर्पीप गावाजवळचं हे विवर जवळपास ३०० मीटर रुंद, ८० मीटर खोल, उतारावर दाट झाडी आणि तळाशी पाणी. काठावर उभी राहून मी सांगते, आपला सह्याद्री आणि हे बेट एकाच चुलीवरचे; चूल म्हणजे जमिनीखाली खोलवरची, लाव्हा वर ढकलणारी तप्त जागा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपली जमीन त्या चुलीवर होती तेव्हा दख्खनचा कातळ ओतला गेला. जमीन उत्तरेला सरकली, मागे मालदीव, चागोस अशी रांग उठत गेली. मॉरिशस ८०-९० लाख वर्षांपूर्वीचं. आता तीच चूल शेजारच्या रियुनियन बेटाखाली पेटलेली आहे. मग इतिहास: मॉरिशस, रियुनियन या मास्करीन बेटांना ज्याचं नाव मिळालं तो पेद्रो मास्करेन्हास १५५४ मध्ये गोव्याचा व्हाइसरॉय झाला. १५९८ मध्ये डच उतरले तेव्हा इथे माणसाची वस्ती नव्हती. पुढे त्यांनीच जावाहून ऊस आणला. त्यांच्या काळातच इथला डोडो पक्षी संपत आला.

पुरंदरकडचे एक आबा विवराकडे पाठ करून उकिडवे बसले होते. सच्छिद्र काळ्या दगडावरून अंगठा फिरवत म्हणाले, "आमच्या माळावरचाच की."

बस उसाच्या शेतांतून निघाली. मधेमधे काळ्या दगडांच्या घराएवढ्या उंच राशी. आबा पुढे आले. "ताई, हे कुणी वेचलं?"

उत्तर मला ठाऊक होतं. आधी मादागास्कर, मोझांबिकहून आणलेल्या गुलामांनी. १८३४ पासून गिरमिटियांनी, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांनी. त्यांत मुंबईहून जहाजात चढलेली आपली कोकणातली माणसंही होती. पण एकवीस खेपांत हे मी कधी सांगितलंच नव्हतं. इथे थांबा नाही, म्हणून.

"आमचं एक एकर वेचायला चौघांना दोन उन्हाळे लागले," आबा म्हणाले. मी बस थांबवायला सांगितली.

त्यांनी राशीभोवती फेरी मारली. खाली थोराड धोंडे, सपाट बाजू बाहेर, सांध्यांत चिपा ठोकलेल्या. "ही टाकलेली न्हाई, रचलीय. एवढा धोंडा दोघांबिगर हलत नाही." ड्रायव्हरदादा खाली उतरले, राशीला हात लावून भोजपुरीत काही बोलले. त्यातला "आजा" हा एकच शब्द आबांना कळला, आणि तो पुरला. पुढची दहा मिनिटं एक मराठीत, एक भोजपुरीत, दोघं हातवारे करत दगड उचलायची रीत एकमेकांना दाखवत होते.

दुकान चुकलं. दोघांनी तक्रार केली, ऑफिसनं खुलासा मागितला. खुलाशात मी थांबा सुचवला आहे: दगडांची रास, १५ मिनिटं. उत्तर आलेलं नाही. बस सुरक्षित उभी राहील अशी जागा कुठे आहे, त्याचा फोटो मात्र ड्रायव्हरदादांनी पाठवलाय.