पाकिटाच्या आतलं पेन्सिलचं लिखाण

तोक्योत जिंबोचोजवळच्या जुन्या सीडींच्या एका दुकानात मी आठवड्यातून तीन दिवस काम करते. लोक विकायला आणतात त्या सीडी तपासायच्या आणि भाव ठरवायचा.

त्या दिवशी ७ जुलै, तानाबाताचा सण. दारात बांबूची फांदी उभी केली होती. येणारे-जाणारे कागदाच्या लांबट पट्टीवर मनातली इच्छा लिहून तिला बांधत होते. या पट्टीला तान्झाकु म्हणतात. जपानी छोट्या सीडीलाही हेच नाव पडलं आहे. ८ सेंटिमीटरची तबकडी आणि तिच्या दुप्पट लांबीचं उभट पाकीट, हा प्रकार १९८८ साली आला. त्यात एक-दोन गाणी आणि बरेचदा त्याच गाण्याचं नुसतं संगीत, घरी कराओकेचा सराव करायला.

दुपारी सत्तरीचे एक गृहस्थ बुटांचा खोका घेऊन आले. "बायकोच्या होत्या," एवढंच बोलले. अशाच ४१ छोट्या सीडी, म्हणजे सिंगल. बहुतेक पाकिटं मधोमध दुमडलेली. आमच्याकडे दुमडलेल्या पाकिटाला भाव कमी, आणि मला ते कधीच पटलेलं नाही. आतल्या प्लॅस्टिकचा खालचा भाग मोडून काढायचा, पाकीट दुमडायचं, की चौकोनी होऊन खिशात मावतं. रचनाच तशी आहे! दुमडलेली सीडी म्हणजे कुणीतरी सोबत नेलेली, ऐकलेली सीडी.

सगळ्यात वर गायिका उतादा हिकारूचं 'ऑटोमॅटिक' होतं. ९ डिसेंबर १९९८ ला आलेली ही तिची पहिली सिंगल. तेव्हा ती १५ वर्षांची होती. एकाच दिवशी ८ आणि १२ सेंटिमीटर अशा दोन्ही आकारांत निघाली आणि ऑरिकॉन या जपानी खपाच्या यादीत दोन्ही वेगवेगळ्या मोजल्या गेल्या. मिळून २० लाखांवर खपली. घरोघरी आहे, म्हणून आज किंमत नाही.

पाकीट उलगडलं. आत छापलेल्या गाण्याच्या शब्दांवर पेन्सिलच्या बारीक खुणा होत्या. श्वास कुठे घ्यायचा त्याच्या. सांगलीला गाणं शिकताना आमच्या बाई माझ्या वहीत अशाच खुणा करायच्या. एका ओळीत ती खूण तीनदा खोडून पुन्हा केलेली होती.

नियमाप्रमाणे, आत लिखाण असेल तर भाव शून्य. मी ते त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावला, त्या ओळीवर बोट ठेवलं. "इथे अडायची ती."

घरी आता सीडी लावायला काही नाही म्हणाले. मी दुकानातल्या यंत्राच्या मधल्या लहान खाचेत तबकडी ठेवली. ती ओळ आली तेव्हा त्यांनी मोठ्याने श्वास घेतला.

'ऑटोमॅटिक' ते परत घेऊन गेले. बाकीच्या ४० विकल्या. त्यांच्या मी फक्त तबकड्या पाहिल्या होत्या. संध्याकाळी राहवेना, एकेक पाकीट उलगडत बसले. सहांमध्ये पेन्सिल सापडली. फॉर्मवर त्यांचा नंबर होता.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच ते छत्री घेऊन दारात उभे होते.