हळदीच्या दिवशी कळलेलं लग्न थांबवताना : माझा अनुभव

बीडकडे ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, कोयत्यावर मिळते आणि कोयता म्हणजे जोडपं. त्यामुळे टोळ्या निघायच्या सुमारास कोवळ्या पोरींची लग्नं घाईत उरकतात. खबर येते ती हळद लागल्यावर.

मी आधी १०९८, मुलांसाठीचा मदतक्रमांक, लावते. स्वतःचं नाव नाही सांगितलं तरी चालतं, पण वस्ती, मुलीची शाळा आणि मुहूर्त नेमका सांगावा. नाहीतर गाडी भलत्याच तांड्यावर जाते. मग ग्रामसेवक. खेड्यात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तोच, हे कधीकधी त्यालाच आठवण करून द्यावं लागतं.

खरी झटापट वयावरून. मांडवात आधार कार्ड पुढे येतं, त्यावर पोरगी एकोणीस वर्षांची! ते बाजूला ठेवायचं. बाल न्याय कायदा २०१५, कलम ९४ : आधी शाळेचा किंवा दहावी बोर्डाचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणून मांडवात पाय ठेवण्याआधी झेडपी शाळेतून प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा सही-शिक्क्यानिशी हातात हवा. रविवार असेल तर मुख्याध्यापकांचं दार वाजवा.

लग्न थांबलं की आईबापांकडून हमीपत्र घेऊन सगळे पांगतात. माझा त्या कागदावर विश्वास उरलेला नाही. तेच लग्न पुढे मामाच्या शेतात, दुसऱ्या तालुक्यात, रातोरात लागतं. त्यामुळे २००६ च्या बालविवाह प्रतिबंध कायद्याच्या कलम १३ खाली प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे मनाईहुकमाचा अर्ज लगेच द्यायला लावते. हुकूम मोडून लावलेलं लग्न कलम १४ नुसार मुळातच रद्दबातल. एरवी मात्र लागलेलं लग्न आपोआप रद्द होत नाही. मुलीलाच कोर्टाची पायरी चढावी लागते, तीही सज्ञान झाल्यापासून दोन वर्षं भरायच्या आत.

मुलीला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यायचं, प्रवासाचा वेळ त्यात धरत नाहीत. समितीची बैठक नसेल तर एका सदस्यापुढेही हजर करता येतं. घरी पाठवायचं की बालगृहात, हे समिती ठरवते. तिथं मुलीचं म्हणणं नातेवाइकांपासून वेगळं बसवून ऐकायला सांगा. मामा शेजारी बसला की ती 'माझी मर्जी होती' एवढंच म्हणते.

आणि 'लग्न रोखले' म्हणून तिचा फोटो गावच्या ग्रुपवर किंवा पेपरात देऊ नका. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली तो गुन्हा आहे, तोंडावर रुमाल असला तरी गाव तिला ओळखतंच.